वायफाय फुल, इंटरनेट गुल: डिस्ने वर्ल्डमध्ये फोन अडतो तेव्हा काय तपासायचं

सुट्ट्या लागल्या की पुण्या-मुंबईचा गोतावळा ऑर्लँडोत येऊ लागतो, आणि आम्हा इथल्या मंडळींना दुपारच्या सुमारास ठरलेला निरोप येतो: "वायफायच्या कांड्या फुल आहेत, पण काहीच उघडत नाहीये." निरोप आला म्हणजे घरातला कोणाचा तरी फोन चालू आहे, हे उघड आहे. खरं तर निदानाची सुरुवात इथूनच होते, म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. उदाहरण डिस्ने वर्ल्डचं घेतलं आहे, कारण आपले लोक सर्वांत जास्त तिथेच अडकतात. फोनच्या बाजूचे उपाय मात्र युनिव्हर्सलला, विमानतळावर किंवा मॉलमध्येही लागू पडतात.

आधी तिथे काय मिळतं ते. वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या चारही पार्कांत, म्हणजे मॅजिक किंग्डम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंग्डममध्ये, पाहुण्यांसाठी वायफाय फुकट आहे. पार्कांत त्याची सुरुवात २०१२ मध्ये मॅजिक किंग्डमपासून झाली. डिस्नेच्या हॉटेलांत आणि डिस्ने स्प्रिंग्जच्या बाजारातही ते मिळतं. नेटवर्कचं नाव डिस्ने-गेस्ट, पासवर्ड नाही. नाव निवडायचं, अटींचं पान आलं की मान्य म्हणायचं, संपलं. आपल्याकडे सार्वजनिक वायफायला मोबाइल नंबर आणि ओटीपी द्यावा लागतो, त्यामुळे आपली माणसं ओटीपीची वाट बघत उभी राहतात. इथे तो येणार नाही, कारण कोणी मागितलेलाच नाही.

खोपोलीच्या इमॅजिकात वायफाय नसलं तरी कोणाचं अडत नाही, कारण खिशात रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक असतो. ऑर्लँडोत महागडं रोमिंग बंद ठेवलेलं असतं आणि पार्कातलं निम्मं काम फोनवर. राइडच्या रांगा किती लांब आहेत ते डिस्नेच्या ॲपमध्ये, जेवणाची ऑर्डर ॲपमध्ये, रांग टाळणारी लाइटनिंग लेन ॲपमध्ये, आजी-आजोबा कुठे बसलेत ते व्हॉट्सॲपवर. म्हणून वायफाय बंद पडलं की घरात वादावादी सुरू होते.

आधी दोन फोन शेजारी धरा

एकाच जागी उभं राहून दोन फोन तपासा. दोन्हींचा मोबाइल डेटा बंद करा, वायफाय चालू ठेवा आणि पूर्वी न उघडलेलं एखादं पान उघडून बघा. डेटा बंद करायला विसरू नका. "माझं तर चालतंय" म्हणणाऱ्या भावोजींचं बऱ्याचदा अमेरिकन सिम चालत असतं आणि त्यांना त्याचा पत्ता नसतो.

एकाचा चालला आणि दुसऱ्याचा नाही, तर दोष न चालणाऱ्या फोनमध्ये आहे आणि तो तुम्ही तिथल्या तिथे दुरुस्त करू शकता. दोन्ही मेलेले असतील तर दोष जागेचा किंवा गर्दीचा. मग फोनमध्ये कितीही सेटिंग्ज उलटीपालटी केलीत तरी फरक पडणार नाही, तिथून हलावंच लागेल. लोक नेमकं उलटं करतात. गर्दीत अडकलेला धडधाकट फोन रीसेट करत बसतात आणि ज्याचं एक बटण चुकलंय त्या फोनला "इथे रेंजच नाही" म्हणून खिशात टाकतात.

एकच फोन अडला असेल तर: अटींचं पान

सर्वांत जास्त वेळा आढळणारं कारण हेच. वायफायशी जोडणं आणि इंटरनेट मिळणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. कांड्या पहिली पायरी दाखवतात. दुसरी पायरी म्हणजे अटींच्या पानावर होकार. तो मिळेपर्यंत नेटवर्क तुम्हाला दाराशीच थांबवतं.

ते पान फोनवर आपोआप कसं उघडतं हे कळलं की पुढचे उपाय आपोआप सुचतात. नवं वायफाय जोडलं की आयफोन गुपचूप ॲपलच्या एका ठरावीक पत्त्यावर जाऊन बघतो. तिथून "सक्सेस" असं उत्तर आलं तर रस्ता मोकळा आहे, भलतंच काही आलं तर मध्ये कोणीतरी दार अडवलंय. अँड्रॉइड गूगलच्या पत्त्यावर हेच करतो, त्याला २०४ क्रमांकाचं रिकामं उत्तर अपेक्षित असतं. दार अडलेलं दिसलं की फोन अटींचं पान पुढे करतो. ही चाचणी कुठेही बिघडली तर पान येत नाही आणि फोन नुसता जोडलेला राहतो.

ती कशी बिघडते? आयफोनवर ते पान आलं की कोपऱ्यात "कॅन्सल" असतं, होकार दिल्यावर तिथेच "डन" होतं. घाईत कोणीतरी कॅन्सल दाबतं. मग फोन विचारतो, इंटरनेटशिवाय वापरायचं की दुसरं नेटवर्क घ्यायचं? काका "इंटरनेटशिवाय वापरा" दाबतात, कारण नाहीतर चौकट जात नाही. आता फोनने काकांचा शब्द पाळला: वायफाय जोडलेलं, इंटरनेट नाही, आणि पान पुन्हा दाखवायची गरज त्याला वाटत नाही. अँड्रॉइडवर हाच प्रकार "यूज धिस नेटवर्क ॲज इज" नावाने होतो. दोन्हींवर उपाय एकच. वायफायच्या यादीत डिस्ने-गेस्टवर जा, "फर्गेट" दाबा, पुन्हा नव्याने जोडा आणि पान येईपर्यंत दुसऱ्या ॲपमध्ये जाऊ नका.

तरी पान येत नसेल तर ते हाताने बोलवा. ब्राउझर उघडा, पण गूगल, फेसबुक किंवा बँकेचं पान उघडू नका. या साइटी कुलूपबंद जोडणीवर चालतात आणि अशी जोडणी मध्येच अडवून दुसरं पान दाखवता येत नाही. तुम्हाला फक्त इशारा दिसेल नाहीतर पांढरा पडदा. कुलूप नसलेला पत्ता हवा: कॅप्टिव्ह डॉट ॲपल डॉट कॉम किंवा नेव्हर एसएसएल डॉट कॉम, अर्थातच रोमन अक्षरांत. आधी अटींचं पान येईल. होकार दिल्यावर ॲपलच्या पत्त्यावर नुसतं "सक्सेस" दिसलं की समजा झालं.

आता आपल्या लोकांच्या फोनवर हमखास सापडणाऱ्या अडचणी.

डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सोय. जाहिराती अडवायला अनेकांनी अँड्रॉइडमध्ये "प्रायव्हेट डीएनएस" बदललेलं असतं, बहुतेक ॲडगार्डचा पत्ता टाकून. कोणत्यातरी व्हिडिओत पाहून भाच्याने सगळ्या घरादाराच्या फोनमध्ये ते करून ठेवलेलं असतं आणि नंतर सगळे विसरतात. ही सोय अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ पासून आहे. घरी ती छान चालते. पण सार्वजनिक नेटवर्कावर ती वाट बंद असेल तर फोनला कुठलाच पत्ता सापडत नाही, "प्रायव्हेट डीएनएस सर्व्हर"बद्दल एक गूढ ओळ दिसते आणि सगळं ठप्प. सेटिंग्जमध्ये वर शोधायच्या चौकटीत हेच नाव टाका आणि पर्याय "ऑटोमॅटिक" करा. जाहिराती परत दिसतील, चार दिवस सोसा.

व्हीपीएनचंही, म्हणजे फोनची सगळी ये-जा दुसऱ्या सर्व्हरमधून नेणाऱ्या ॲपचंही, तसंच. भारतातली ओटीटी बघायला घेतलेलं असो की हिंजवडीतल्या कंपनीने फोनवर कायमचं बसवलेलं असो, अटींच्या पानाआधी ते जोडायला गेलं की दोघांपैकी कोणीच पुढे सरकत नाही. आधी बंद करा, होकार द्या, मग हवं तर चालू करा. कंपनीचं व्हीपीएन बंदच होत नसेल तर तो फोन पार्कात कॅमेरा म्हणून वापरा. आयफोनवर पैसे भरून आयक्लाउड घेतलेल्यांकडे "प्रायव्हेट रिले" असतं, म्हणजे तुमचा पत्ता साइटींपासून लपवणारी सोय, तेही कधी आडवं येतं. त्या नेटवर्कच्या माहितीत "लिमिट आयपी ॲड्रेस ट्रॅकिंग" बंद केलं की तेवढ्यापुरतं बाजूला होतं.

आणखी एक गंमत. काल होकार दिला होता, आज पुन्हा पान का? नेटवर्क तुमचा फोन त्याच्या वायफाय पत्त्यावरून ओळखतं, आणि मागोवा घेता येऊ नये म्हणून हल्लीचे फोन खोटा पत्ता देतात. आयफोनवर हे २०२० पासून आहे, अँड्रॉइडवर त्याच्या आदल्या वर्षीपासून. तो पत्ता अधूनमधून बदलला की नेटवर्कला तुम्ही नवखे. हा बिघाड नाही, पुन्हा होकार द्या आणि सोडून द्या.

घड्याळ

हे कारण कोणी तपासत नाही म्हणून वेगळं लिहितो. ज्येष्ठ मंडळींना फोनवर भारतातली वेळ हवी असते, कारण गोळ्या, फोन करायच्या वेळा, सगळं त्यावर बांधलेलं असतं. किंवा उलट, विमानातून उतरल्यावर फोनने वेळ बदलली नाही म्हणून ते काटे हाताने फिरवतात. फ्लोरिडा भारताच्या उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. टाइम झोन भारताचाच ठेवून नुसते तास मागे नेले, तर फोनच्या हिशेबाने सगळ्या जगाचं घड्याळ साडेनऊ तास चुकतं. मग व्हॉट्सॲप तारीख-वेळ दुरुस्त करा म्हणून अडून बसतं, काही ॲप लॉगिन नाकारतात, लॉगिनचे बदलते आकडे देणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपचे आकडे जुळत नाहीत, आणि दोष वायफायला लागतो.

वेळ आणि टाइम झोन, दोन्ही "ऑटोमॅटिक" करा. भारताची वेळ हवीच असेल तर घड्याळाच्या ॲपमध्ये दुसरं शहर म्हणून मुंबई किंवा कोलकाता टाका आणि त्याचा विजेट पडद्यावर आणून द्या. आईंना तेवढं पुरतं.

चालता चालता बंद पडतं तेव्हा

सकाळी दाराशी चाललं, होकार दिला, तासाभराने दुसऱ्या टोकाला गेल्यावर बंद. इथे अटींच्या पानाचा संबंध नाही. पार्कात एकाच नावाचे वायफायचे डबे जागोजाग बसवलेले असतात, आणि एका डब्याचा हात सोडून दुसऱ्याचा कधी धरायचा हे फोन ठरवतो, नेटवर्क नाही. फोन अनेकदा जुन्याला चिकटून राहतो. ॲपलने तर उंबरठा जाहीर केलेला आहे: सिग्नल उणे ७० डीबीएमच्या (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप) खाली जाईपर्यंत आयफोन दुसरा डबा शोधायला लागतच नाही.

शिवाय कांड्यांवर विश्वास ठेवू नका. फोनला डब्याचं किती ऐकू येतं तेवढंच त्या दाखवतात. डब्याला फोनचं ऐकू येतं का, हे त्यात कळत नाही. फोनचा आवाज लहान असतो. त्यामुळे दोन कांड्या असूनही संदेशाशेजारचं ते घड्याळाचं चिन्ह हलत नाही.

उपाय: वायफाय बंद करून चालू करा. एवढंच. मात्र आयफोनवाल्यांनी इथे एक बारकावा लक्षात घ्यावा. पडद्याच्या कोपऱ्यातून खाली ओढून येणाऱ्या कंट्रोल सेंटरमधलं वायफायचं निळं बटण दाबलं की वायफाय बंद होत नाही. चालू जोडणी तेवढी सुटते आणि आपोआप जोडणं काही काळ थांबतं. तुम्ही चालत नव्या जागी गेलात, किंवा पहाटेचे पाच वाजले, की फोन पुन्हा जोडायला मोकळा. पार्कात दिवसभर आपण चालतच असतो. म्हणून "मी तर बंद केलं होतं, परत कसं आलं" हा प्रश्न पडतो. मोबाइल डेटावरच राहायचं असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन बंद करा, किंवा त्या नेटवर्कचं "ऑटो-जॉइन" काढा.

जोडूनही काहीच हलत नसेल तर नेटवर्कच्या माहितीत आयपी पत्ता बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर फोनला नेटवर्काकडून पत्ता मिळालेलाच नाही, त्याने स्वतःच काहीतरी लावून घेतलंय. आयफोनवर तिथेच "रिन्यू लीज" आहे, अँड्रॉइडवर फर्गेट करून जोडा. डब्याच्या जवळ जाऊन करा, टोकाला उभं राहून केलं तर तेच होईल.

फोनवरून अमेरिकेतला किंवा भारतातला एखादा जाणकार नातेवाईक "नेटवर्क सेटिंग्ज रीसेट कर" असा सल्ला देतो. पार्कात हे करू नका. साठवलेली सगळी वायफाय जातात, ज्यांच्याकडे उतरलात त्यांच्या घरचं पासवर्डसकट. वर सांगितलेल्या कारणांपैकी बहुतेकांना त्याचा उपयोगही नाही. चुकलेलं घड्याळ रीसेटने सुधारत नाही.

सगळेच फोन अडले तर

आता गर्दी. रात्री सिंड्रेलाच्या किल्ल्यासमोर आतषबाजीला माणूस माणसाला लागून उभा असतो आणि प्रत्येक जण व्हिडिओ काढून तिथल्या तिथे पाठवू बघतो. वायफायच्या एका वाहिनीवर एका वेळी एकच बोलू शकतो, बाकीचे थांबतात. दोनशे पानांच्या पंगतीला एकच वाढपी असावा तसं: भात प्रत्येकाला मिळेल, पण तोवर वरण गार झालेलं असेल. त्यात २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच आहेत, १, ६ आणि ११. प्रत्येक घरातला एक जण स्वतःचा हॉटस्पॉट चालू करून बसतो, तोही याच हवेत बोलतो. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा भरपूर, पण त्याचा पल्ला आखूड आणि भिंत लागली की तो लवकर दमतो. माणसाचं शरीर बहुतांश पाणी असल्याने गर्दी स्वतःच सिग्नल पिऊन टाकते.

यावर फोनमध्ये कोणतंही बटण नाही. लोकांना हे पटत नाही. बाजूच्या दुकानात किंवा जेवणघरात शिरा. आतषबाजी संपल्यावर गर्दी दाराकडे सरकेल तोवर व्हिडिओ खिशात ठेवा, तो कुठे पळत नाही. कुठे भेटायचं ते मात्र शो सुरू होण्याआधी तोंडी ठरवा, खूण आणि वेळेसकट. अगदीच निकड असेल तर साधा एसएमएस पाठवून बघा. त्याला इंटरनेट लागत नाही. रोमिंगवर पाठवायला पैसे पडतात, पण हरवलेल्या आजोबांपेक्षा स्वस्त.

बंदिस्त राइडच्या आतही हीच गत होते, कारण वेगळं: लोखंड आणि काँक्रीट. तिथे फोन वायफाय सोडतो, पुन्हा शोधतो, पुन्हा सोडतो आणि त्यात बॅटरी खातो. लांबलचक राइडला आत शिरताना सरळ एअरप्लेन मोडवर टाका.

या गर्दीत आपल्याच फोनांचाही वाटा असतो, आणि तो कमी करणं हातात आहे. वायफाय दिसलं की फोन समजतो, फुकटचं आहे, उधळा. सकाळपासून काढलेले फोटो-व्हिडिओ गूगल फोटोज किंवा आयक्लाउडवर चढवायला लागतो. व्हॉट्सॲप सोसायटीच्या ग्रुपवरचे सुप्रभात आणि वाढदिवसाचे व्हिडिओ उतरवायला घेतो, कारण मूळ सेटिंगच "वायफायवर सगळं उतरव" असं असतं. तुम्ही रांगेची वेळ बघायला ॲप उघडता तेव्हा तुमचा फोन हे सगळं ओढत असतो. आयफोनवर त्या नेटवर्कच्या माहितीत "लो डेटा मोड" चालू करा, अँड्रॉइडवर नेटवर्कला "मीटर्ड" (मोजून वापरायचं) करा, आणि व्हॉट्सॲपच्या स्टोरेज-डेटाच्या सेटिंगमध्ये वायफायवरचं आपोआप उतरवणं बंद करा. मला विचाराल तर या लेखातल्या इतर सगळ्या सूचना विसरलात तरी चालेल, एवढं पार्कात शिरण्याआधी कराच. नेटचा वेग वाढो न वाढो, दुपारी तीनला बॅटरी शिल्लक असेल.

भारतीय सिम रोमिंगवर असेल तर

वायफाय अशक्त झालं की फोनने आपसूक मोबाइल डेटावर जावं अशी सोय असते. आयफोनवर तिचं नाव वायफाय असिस्ट. अमेरिकेतल्या मंडळींना तिची सवय असते, म्हणून ते पाहुण्यांनाही म्हणतात, "आपोआप होईल." होणार नाही. डेटा रोमिंगवर असताना वायफाय असिस्ट काम करत नाही, मुद्दामच, तुमचं बिल वाढू नये म्हणून. त्यामुळे जिओ किंवा एअरटेलचा रोमिंग पॅक घेतलेला असूनही आयफोन मरतुकड्या वायफायला धरून बसतो. वायफाय हाताने बंद करायचं, पॅक वापरायचा, नंतर चालू करायचं.

एकाच्या अमेरिकन सिमवर सगळ्यांनी हॉटस्पॉट लावण्याची युक्ती घर एकत्र आहे तोवर चालते. निम्मे राइडला गेले की निम्मे बिननेटचे. शिवाय ज्याचा हॉटस्पॉट तो फोन तापतो. ॲपल आयफोन वापरायला ० ते ३५ अंश सेल्सिअसचं हवामान सांगतं. फ्लोरिडातली उन्हाळी दुपार त्या वरच्या टोकाला जाऊन भिडते, आणि फोन उन्हात हातात असतो. तापलेला आयफोन पडदा अंधुक करतो, चार्जिंग मंद करतो आणि मोबाइलचा रेडिओसुद्धा कमी ताकदीवर नेतो. तेव्हा "रेंज गेली" वाटली तर फोनला हात लावून बघा. चटका बसत असेल तर सावलीत न्या, कव्हर काढा. बर्फाच्या पाण्यात घालू नका, हा विचार घरात कोणाच्या तरी मनात येतोच.

नावाचा सोंगाड्या

पासवर्ड नसलेल्या वायफायचं नाव कोणीही घेऊ शकतं. मिळतंजुळतं नाव दाखवून खोटं पान पुढे करणं अवघड नाही. म्हणून ओळखायची खूण लक्षात ठेवा: खरं पान अटी मान्य करायला लावतं. कार्डाचा नंबर, जीमेलचा पासवर्ड किंवा बँकेचा ओटीपी मागणारं पान आलं की ते बंद करून नेटवर्क फर्गेट करा. त्याउलट, "सार्वजनिक वायफायवर बँकेचं ॲप उघडलं की पैसे जातात" ही भीती मला अतिरंजित वाटते. बँकांची ॲप स्वतःची जोडणी कुलूपबंद ठेवतात. धोका तुम्ही साइटची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राचा इशारा डावलून "तरीही पुढे जा" दाबलंत तर आहे. ते दाबू नका.

ज्याला नेट लागतच नाही

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत कामाचा भाग. बरीच कामं पार्कातल्या वायफायवर टाकायचीच कशाला?

दारातून आत जायला आणि लाइटनिंग लेनमध्ये शिरायला इंटरनेट लागत नाही. मनगटावरचा मॅजिकबँड किंवा प्लॅस्टिकचं तिकीट कार्ड यंत्राला टेकवलं की पुरे, त्यातल्या चिपवरून ओळख पटते. फोनमध्ये तिकीट असलं तरी आजी-आजोबांच्या आणि मुलांच्या गळ्यात कार्ड असू द्या. ज्यांचं नेट बंद त्यांनाही आत जाता येतं.

लाइटनिंग लेन मल्टी पास जुलै २०२४ पासून आगाऊ आरक्षित करता येतो. त्याआधी, जिनी प्लस या जुन्या सोयीच्या काळात, सगळं त्याच दिवशी, बरंचसं पार्कात फिरतानाच करावं लागायचं आणि वायफायवरची निम्मी भांडणं तिथेच व्हायची. आता डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना सात दिवस आधी, इतरांना तीन दिवस आधी, सकाळी सातला खिडकी उघडते. सकाळी सात म्हणजे फ्लोरिडाचे. पुण्यात तेव्हा उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेचार वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेपाच. विमानात बसायच्या आधीच खिडकी उघडत असेल तर घरच्या फायबरवर, चहा पीत, पहिली निवड करून टाका. तिकिटं ॲपमध्ये सगळ्यांच्या नावाने आधी जोडलेली हवीत. कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहेत का तेही आदल्या दिवशी बघा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर नवी कार्डं फक्त देशांतर्गत व्यवहारांसाठीच चालू होऊन येतात, आणि साडेचार वाजता ते कळणं परवडत नाही.

जेवणाची ऑर्डर मात्र तिथेच नेट मागते, आणि दोनदा मागते. एकदा ऑर्डर देताना, आणि दुसऱ्यांदा पोहोचल्यावर "मी आलोय, तयार करा" हे बटण दाबताना. पहिलं काम हॉटेलवर किंवा बसमध्ये उरकता येतं. दुसऱ्यासाठी जेवणघराच्या आत जाऊन उभे राहा आणि मग दाबा, बाहेरच्या उन्हातल्या घोळक्यातून नको. आत वायफायही बरं पोहोचतं आणि गार हवाही असते. दाबूनही चक्र फिरत राहिलं तर पुन्हा नवी ऑर्डर देऊ नका, नाहीतर दोन ताटांचे पैसे जातील. पुढच्या काउंटरवर ऑर्डरचा क्रमांक दाखवा. तो क्रमांक ऑर्डर देतानाच स्क्रीनशॉट काढून ठेवा.